खरात गुरुजींची अर्धी खुर्ची

आमच्यानंतर शाळेत आलेल्या मुलांनी खरात गुरुजींना खुर्चीत पुरतं टेकलेलं कधी पाहिलं नाही. ते खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसत, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मागची अर्धी खुर्ची मोकळी. त्यावर पोरांनी तऱ्हेतऱ्हेचे शोध लावले होते. कुणी म्हणे, खुर्चीला मागे खिळा आहे. कुणी म्हणे, गुरुजींना गळू झालं होतं, तेव्हापासून सवय लागली. माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात तर अशी पक्की समजूत होती की मागच्या अर्ध्या जागेवर गुरुजींचे वारलेले आजोबा बसतात. खरं कारण वर्गातल्या आम्ही चाळीस जणांना ठाऊक होतं, आणि त्या कारणात माझ्या वजनाचा मोठा वाटा आहे. म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. परतूरच्या शाळेत मी सातवीत होते. दुष्काळानं सगळ्या गावाची हाडं वर काढली, पण माझ्यावर त्याचा काडीचा परिणाम झाला नव्हता. घरी भरपूर शेती, दोन दुभत्या म्हशी आणि ताटात पडेल ते संपवणारी मी. खरात गुरुजी आम्हाला विज्ञान आणि गणित शिकवायला आले तेव्हा तिशीच्या आतले असतील. बुटके, सावळे, पांढरा सदरा आणि पायजमा, सायकलच्या दांड्याला अडकवलेली कापडी पिशवी. पहिल्या दिवशी ते वर्गात आले आणि पहिल्या बाकापासून प्रत्येकाचं दप्तर उचलून पाहू लागले. "दीड किलो." "पावणेदोन." माझं दप्तर उचललं आणि थांबले. "तीन. यात पुस्तकं किती आन् भाकरी किती?" वर्ग हसला. मीही हसले, कारण भाकरीच जास्त होत्या.

वजनाचा हा नाद त्यांना वडिलांकडून आला होता. आबा खरात मोंढ्यात, धान्य-कापसाच्या बाजारात, हमाल होते. छप्पन्नला बौद्ध झालेलं ते घर, स्टेशनाच्या अंगाला दोन खोल्यांचं. आबांची ख्याती अशी की पोतं पाठीवर घेऊन दोन पावलं टाकली की ते वजन सांगत आणि काटा त्यांच्यामागून तेच सांगे. पण पोतं नुसतं पाहून वजन सांगा म्हटलं तर मान हलवत. गुरुजी ही गोष्ट आम्हाला उठता-बसता ऐकवायचे. "आमचा बाप पाठीवर घेतल्याबिगर आकडा सांगत न्हाई. तुमी बी सांगायचा न्हाई. मी बी सांगणार न्हाई." उत्तर पाठ करून आलेल्या पोराला ते विचारायचे, "पाठीवर घेतलं होतं का?" म्हणजे स्वतः करून पाहिलं का. आणि त्यांची स्वतःची चूक झाली की फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात 'चुकलो' असं लिहून ठेवायचे. तो शब्द आठवडाभर कुणी पुसायचा नाही. हेडमास्तरांना हे आवडत नसे. मास्तरनं आपली चूक मिरवू नये असं त्यांचं म्हणणं.

खुर्चीबद्दल आधी एक सांगायला हवं. नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात आबा शाळेत आले होते. आत आले नाहीत. डोक्यावरचं फडकं हातात घेऊन खिडकीशी उभे राहिले आणि खुर्चीवर बसलेल्या लेकाकडे पाहत राहिले. मोंढ्यात आडत्यांच्या दुकानांत उभ्या आयुष्यात त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. त्या घरातली ती पहिली खुर्ची. गुरुजींनी शिकवणं थांबवलं नाही, पण आवाज जरा चढला, एवढं मला आठवतं.

तीच खुर्ची त्यांनी पोळ्यानंतरच्या एका सकाळी सोडली. पुस्तकात ताऱ्यांचा धडा होता. गुरुजींनी वाचलं, व्याध हा तारा आपल्या सूर्याच्या सुमारे दुप्पट जड आहे. मागच्या बाकावरून यमुना उठली. यमुना म्हणजे काडीसारखी पोर, आईबाप रोजंदारीवर, स्वतः सकाळी चार घरचं पाणी भरून शाळेत यायची. वर्गात फारशी बोलत नसे. तिनं विचारलं, "गुरुजी, पाठीवर कोनी घेतला?"

आधी आम्हाला वाटलं ती चेष्टा करतेय. पण ती खरंच विचारत होती. गुरुजी हसले, मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. पुस्तक मिटून ते खुर्चीवरून उठले. "बराबर हाय," ते म्हणाले. "मला ठाव न्हाई. मी न तोलता आकडा सांगितला." मग फळ्याकडे जाऊन कोपऱ्यात 'चुकलो' लिहिलं. "हे मला कळंल आन् तुला पटंल, तवर मी या खुर्चीवर बसायचा न्हाई."

पोरांना वाटलं, दोन दिवसांचं असेल. पण दसरा गेला, दिवाळी गेली, गुरुजी उभेच. पाच-पाच तास उभे. मधल्या सुट्टीत दाराच्या चौकटीला टेकायचे, बस. गावात बोलणं सुरू झालं. आमच्या ओसरीवर मी स्वतः ऐकलं, "येत न्हाई म्हणून उभा राहून राह्यला मास्तर. असल्यांना खुर्च्या दिल्या की असंच व्हायचं." असल्यांना म्हणजे कसल्यांना, ते सांगायची ओसरीवर कुणाला गरज नव्हती. शाळा तपासायला साहेब आले, त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहून विचारलं, तब्येत बरी नाही का? गुरुजींनी खरं कारण सांगितलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि हेडमास्तरांचा चेहरा पडला. आबाही एकदा खिडकीशी आले. लेक उभा, खुर्ची रिकामी. ते आल्या पावली परत गेले.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी गाडीनं औरंगाबादला जायचे. तिथे कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी त्यांना इंग्रजी पुस्तक दिलं होतं. ते पुस्तक, शब्दकोश आणि वही घेऊन ते स्टेशनाच्या बाकावरसुद्धा बसायचे. हो, तिथे बसायचे, शपथ फक्त शाळेच्या खुर्चीची होती. सोमवारी आम्ही विचारायचो, "कळलं का गुरुजी?" "मला कळून राह्यलंय. तुमाला सांगता येईना."

संक्रांतीच्या आसपास मधल्या सुट्टीत यमुना आणि मी फुगडी खेळत होतो. माझ्याशी फुगडी म्हणजे यमुनेची वरातच असायची. मी जागच्या जागी फिरायचे आणि ती माझ्याभोवती भिरभिरत जायची. गुरुजी चौकटीला टेकून भाकरी खात होते. भाकरी हातात तशीच धरून ते मैदानात धावत आले. "थांबू नका. फिरा. फिरत राहा." आम्ही घाबरून आणखी जोरात फिरलो. ते उकिडवे बसून आमच्या पायांकडे पाहत होते. "हलकी लांबून फिरती. जड जवळून फिरती. पर दोघी बी फिरतेत," असं स्वतःशीच बोलत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मोठ्या माणसाला आनंदानं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या शनिवारी त्यांनी मैदानात चुन्याची भुकटी पसरली. आम्ही त्यावर फुगडी घातली, पायांचे दोन गोल उमटले, गुरुजींनी ते दोरीनं मोजले. माझा गोल यमुनेच्या गोलाच्या एक तृतीयांश भरला. म्हणजे मी यमुनेच्या तिप्पट. मग सगळा वर्ग मोंढ्यात. यमुनेला काट्यावर उभं केलं, चोवीस किलो. "मंग शकुंतला बहात्तर," गुरुजींनी जाहीर केलं. कापसाच्या गाड्यांवरून लोक हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बहात्तर तर माझ्या वडिलांचं, तात्यांचंही वजन नव्हतं.

तेव्हा आबा पुढे आले. मला म्हणाले, "ये माय, पाठीवर." पाठ वाकवली, मला पोत्यासारखं घेतलं, दोन पावलं टाकली आणि उतरवलं. "अठ्ठेचाळीस. मास्तर, कुटंतरी चुकून राह्यलास." काट्यावर अठ्ठेचाळीसच भरलं. मोंढा नुसता हसत सुटला. गुरुजी चुन्यानं पांढरे झालेले हात घेऊन तसेच उभे होते. त्या दिवशी घरी गेल्यावर काकूनं मला डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी निमूटपणे पाणी घेतलं, याची लाज मला आजही वाटते.

सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात दुसऱ्यांदा 'चुकलो' आलं. गुरुजींनी मला उभं केलं. "फुगडी घालताना तू पाय रोवत होतीस का?" मी कबूल केलं. पडायची भीती होती म्हणून मी टाचा जमिनीत रुतवत होते. "हां. म्हणून तुझा गोल बारका आला. ताऱ्यांचे पाय कुटंच टेकत न्हाईत," ते म्हणाले. मग बराच वेळ खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे पाहत राहिले.

शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला आईबापांसह शाळेत बोलावलं होतं. कुणी कौतुकानं आलं, बरेच जण मजा बघायला. हेडमास्तर आले. त्यांनीच शिपायाला सांगून ती खुर्ची मैदानात आणून ठेवली. लिंबाच्या आडव्या फांदीला एक जाड दोर सोडलेला, त्याच्या टोकाला लांब लाकडी बल्ली आडवी बांधलेली. दोर आबांचा, गाठीही आबांच्या. बल्लीच्या दोन टोकांना दोन झोके. एकात मी, दुसऱ्यात यमुना. अर्थातच माझी बाजू धाडकन खाली गेली. आबांनी मधली गाठ सैल करून माझ्याकडे सरकवली, थोडी, आणखी थोडी. आणि एका जागी बल्ली आडवी, सरळ झाली. आमचे चारही पाय अधांतरी.

गुरुजींनी दोरीनं मोजलं. गाठीपासून मी एक हात, यमुना दोन हात. "कोन जड?" "शकी," सगळे ओरडले. "किती पट?" "दुप्पट." "काट्यावर न नेता कसं कळलं?" सगळ्यांचे डोळे गाठीकडे वळले. सगळ्यांना कळलं होतं, ते दिसत होतं.

मग त्यांनी बल्लीला हळूच झोका दिला. आम्ही फिरू लागलो. मी छोट्या फेऱ्यात, यमुना मोठ्या, आणि गाठ मात्र जागच्या जागी. गुरुजी सांगत होते, "आभाळात असे जोडीनं फिरणारे तारे लई हाएत. त्यांच्यात दोर न्हाई, पर ओढ हाय. दोघांत अंतर किती आन् एक फेरा किती वर्षांत होतो, हे बघायचं. त्यावरून ओढ किती लागत असंल ते निघतं. ओढ निघली की दोघांचं मिळून वजन निघतं. आन् कोन गाठीच्या किती जवळ, यावरून ते वजन दोघांत वाटून द्यायचं. झालं तोलणं."

दिवस मावळला होता. त्यांनी आम्हाला थांबवलं आणि यमुनेला काळ्या घोंगडीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. माझा झगा पांढरा. लोकांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि आबांनी पुन्हा झोका दिला. संधिप्रकाशात तिथून फक्त मी दिसत होते, पांढरा ठिपका, उगाचच गोल गोल फिरणारा. "शकुंतला कशापायी हलून राह्यली?" गुरुजींनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, "तिच्यासंगं यमुना हाय ना." "दिसती का?" "न्हाई." "मंग?" "पर हाय."

गुरुजींनी दक्षिणेकडे बोट केलं. लिंबाच्या वर व्याध उगवून बराच चढला होता, निळसर पांढरा, सगळ्यांहून तेजस्वी. "तो बी असाच हलताना दिसला. लोकांनी बरीच वर्षं त्याचं हलणं मोजलं आन् म्हणले, याच्यासंगं कोनीतरी हाय, आपल्याला दिसत न्हाई. मंग मोठ्या दुर्बिणीतनं दिसला, त्याच्यापाशी बारकासा. दोघांचा एक फेरा पन्नास वर्षांचा. दोघांचं मिळून वजन तीन सूर्यांएवढं. दोन याचे, एक त्या न दिसणाऱ्याचा."

झोक्यावर फिरता फिरता मी मान वर करून पाहिलं. आभाळ फिरत होतं. खाली जमीन नव्हती, पलीकडे अंधारात यमुनेचं वजन मला धरून होतं, आणि वर ती दोन प्रचंड ओझी एकमेकांना धरून फिरत होती. देवळात, कीर्तनात लोकांना जे होतं ते मला शाळेच्या मैदानात झालं. मी एकटीच नव्हते. ओसरीवर बोलणारे आमचे तात्याही टोपी काढून वर पाहत होते.

आम्हाला उतरवलं. आबा खुर्चीकडे गेले, खांद्यावरच्या फडक्यानं ती पुसली आणि म्हणाले, "बस आता." गुरुजी बसले नाहीत. ते यमुनेकडे वळले. "पटलं का?"

यमुना घोंगडीतून बाहेर येत म्हणाली, "पटलं." सगळ्यांनी श्वास सोडला. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पर गुरुजी, ज्याला जोडीच न्हाई, त्याला कसं तोलायचं?"

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. मलाही तिचा राग आला. गुरुजी मात्र शांत होते. "सूर्याला निदान आपन हाओत फिरायला," ते म्हणाले. "पर ज्याच्याभोवती कोनीच न्हाई, त्याला तोलता येत न्हाई. जोडीचे तोलून बघितले तवा दिसलं, जड असतो तो जास्ती झगमगतो. मंग एकट्याचा उजेड बघून सांगतेत, हा असंल एवढा."

"म्हंजी पाठीवर न घेता सांगतेत."

"हां. अंदाज."

गुरुजींनी खुर्चीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि मग जाऊन खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसले. "अर्धंच झालंय," ते आबांना म्हणाले. आबांनी फडकं खांद्यावर टाकलं. "अर्धी तर अर्धी," ते म्हणाले. "बराबर तोललेली हाय." आणि दोर सोडायला लिंबाकडे गेले.

तेव्हापासून गुरुजी तसेच बसत राहिले. त्यांची बदली भोकरदनला झाली, मग राजूरला, पुन्हा परतूरला. प्रत्येक शाळेत अर्धी खुर्ची. आबा गेले, तेव्हा भेटायला आलेल्यांसमोरही ते तसेच बसले होते. परतूरच्या शाळेनं जुनं लाकूडसामान काढलं, तेव्हा त्यांनी ती खुर्ची मागून घरी नेली.

यमुना पुढे नर्स झाली आणि भोकरदनला स्थायिक झाली. मी जालन्यात संसार केला. मध्यंतरी एके दिवशी तिचा फोन आला. आम्ही दोघी आता साठी ओलांडलेल्या, ती अजून काडी आणि मी अजून दुप्पट. "शके, पेपरात आलंय," ती म्हणाली. "परतूरला जाऊ. आजच."

गुरुजी ऐंशीला टेकले होते. कान मंद, नजर बरी. खिडकीशी त्याच खुर्चीवर पुढच्या अर्ध्या भागावर बसले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी खिळ्याला आबांचा दोर. यमुनेनं पायाशी बसून कात्रण उघडलं आणि मोठ्यानं सांगितलं, "गुरुजी, एकटा तारा तोलला."

गुरुजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पाठीवर कोनी घेतला?"

"उजेडानं. त्याच्या लई मागं दुसरा एक तारा हाय. त्याचा उजेड याच्या जवळून येताना जरासा वाकला. जड असल्याबिगर वाकायचा न्हाई. किती वाकला ते मोजलं आन् वजन काढलं."

गुरुजींनी डोळे मिटले. ओठ हलत होते, बहुधा मनातल्या मनात करून पाहत असावेत. मग विचारलं, "अंदाज, का तोल?"

"तोल, गुरुजी."

"तुला पटलं का?"

यमुनेनं मान डोलावली.

गुरुजींनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि स्वतःला मागे रेटलं. एकदा, दोनदा. मदत करायला मी पुढे झाले, तर त्यांनी बोटानं मला थांबवलं. तिसऱ्या खेपेला त्यांची पाठ खुर्चीच्या पाठीला टेकली. बुटका माणूस आणि खोल खुर्ची. त्यांचे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि तसेच अधांतरी राहिले.